भिलाई : साडेदहाच्या आधीचे तास

मंगळवार, 9 ऑक्टोबर 2018. भिलाई पोलाद कारखान्यात कोक ओव्हन बॅटरी क्रमांक 11 जवळच्या गॅसवाहिनीला सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान आग लागली. त्या दिवशी 9 माणसं गेली, 14 जखमी झाली, आणि जखमींपैकीही काही जण पुढच्या दिवसांत गेले. आग लागायला क्षण पुरला. त्या क्षणापर्यंत पोचायला मात्र पुष्कळ वेळ लागला होता, आणि तो वेळ उलटा मोजत जायचा तर सुरुवात बरीच मागून करावी लागते.

63 वर्षं आणि 8 महिने आधी

2 फेब्रुवारी 1955. दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला : दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना, जागा दुर्ग जिल्ह्यातलं भिलाई. तेव्हा दुर्गचा कारभार नागपुरातून चालायचा. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली ती पुढल्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला. म्हणजे भिलाईचा जन्म झाला तेव्हा तिचं सरकार नागपुरात बसत होतं, हे आज नागपूरकरांनाही आठवत नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग एकच आहे. विदर्भातली मराठी माणसं त्याच गाडीनं नोकरीला भिलाईत उतरली आणि गणपती, हळदीकुंकू, दिवाळी अंक सगळं बरोबर घेऊन आली.

रशियनही आले. बांधकामाच्या ऐन काळात सोव्हिएत तंत्रज्ञांचा प्रमुख होता वेनियामिन दिमशित्स. हा माणूस मॅग्निटोगोर्स्क बांधून आला होता. उरल नदीकाठच्या त्या शहराचं काम 1929 साली सुरू झालं आणि तिथल्या भट्टीतून पहिलं लोखंड 1932 च्या फेब्रुवारीत वाहिलं. नदीच्या एका काठाला आशिया, दुसऱ्या काठाला युरोप. कारखाना आधी, शहर मागाहून, आणि शहरात जे काही असेल ते कारखान्यासाठी, असा तिथला हिशेब. गंमत अशी की मॅग्निटोगोर्स्क स्वतःच अमेरिकेतल्या गॅरी या पोलादनगरीवर नजर ठेवून आखलेलं होतं, अमेरिकन कंपनीच्या मदतीनं. समाजवादाच्या त्या आदर्श शहरातल्या कारखान्याचा नकाशा भांडवलदारांच्या देशातून आला होता, आणि तिथे हात बसलेला माणूस मग आपल्याकडे आला. दिमशित्स पुढे सोव्हिएत मंत्रिमंडळाचा उपाध्यक्ष झाला.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. शहर आकाराला आलं ते सेक्टरांत. सेक्टर नऊमध्ये रुग्णालय उभं राहिलं. त्याचं नाव जवाहरलाल नेहरूंचं, पण भिलाईत कुणी ते घेत नाही, ‘सेक्टर नऊ’ म्हटलं की पुरतं. रशियन कुटुंबांसाठी रशियन कॉम्प्लेक्स झालं. 1972 साली दोन देशांच्या दोस्तीच्या नावानं मैत्री बाग झाली. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई इथल्याच कर्मचारी होत्या. देशभर रूळ भिलाईचे. एखाद्या गावानं अभिमानानं सांगावं असं भिलाईजवळ खूप आहे.

खुर्सीपार मात्र या यादीत सहसा येत नाही. जी. ई. (ग्रेट ईस्टर्न) रोड आणि रेल्वेच्या अंगाची ही वस्ती झोन 1, 2, 3 अशा आकड्यांनी ओळखली जाते. तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ, त्याशिवाय छत्तीसगढी, भोजपुरी, ओडिया, थोडी मराठी. सेक्टरांत साहेब आणि कायम कामगार राहिले. खुर्सीपारच्या लहान क्वार्टरांत आणि त्यांना लागून वाढलेल्या घरांत कारखान्याचं अंगमेहनतीचं काम करणारे राहिले, आणि पुढे ठेका मजूर. कारखान्याच्या एका फाटकाला मात्र वस्तीचंच नाव आहे : खुर्सीपार गेट.

जवळपास 4 वर्षं 4 महिने आधी

12 जून 2014, गुरुवार, संध्याकाळ. या दिवसापाशी जरा थांबायला हवं, कारण 2018 ची आग समजून घ्यायची असेल तर ती इथून समजते.

ब्लास्ट फर्नेसमधून लोखंड निघतं तसा गॅसही निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शापासून पावापर्यंत असतं. हा गॅस फुकट घालवत नाहीत, इंधन म्हणून वापरतात. त्याआधी त्यातली धूळ काढायची, म्हणून तो पाण्यानं धुतात. धुण्याच्या यंत्रणेला पाणी पुरवतं पंप हाउस. त्या संध्याकाळी पंप हाउस क्रमांक 2 मध्ये बिघाड झाला आणि पाण्याचा दाब उतरला. पाण्याचा दाब ज्या गॅसला थोपवून धरतो, तो पाणी हटलं की पुढे सरकतो. गॅस पाण्याच्याच पाइपात शिरला आणि उलट्या वाटेनं पंप हाउसकडे आला. तिथे माणसं पाण्याचा बिघाड बघत होती. पंप हाउस ही पाण्याची जागा, तिथे गॅसची भीती कोण धरणार?

या गॅसला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि काहीतरी बिघडलंय हे ध्यानात येईतो पळायची ताकद उरलेली नसते. एक पडला की दुसरा त्याला उचलायला जातो, तोही पडतो. त्या संध्याकाळी 6 जण गेले आणि त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तिसाहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. मदतीला धावलेल्यांनाही गॅस लागला.

मेलेल्यांत एवढे वरचे अधिकारी होते ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. अपघात झाला की आपल्याकडे पहिला निष्कर्ष ठरलेला असतो, मजुराची चूक. इथे धोका ओळखायचं शिक्षण आणि अधिकार दोन्ही असलेली माणसं त्याच हवेत उभी होती. म्हणजे प्रश्न कुणाच्या अडाणीपणाचा नव्हता. ही जागा आता सुरक्षित नाही, हे सांगणारं यंत्र किंवा माणूस वेळेवर तिथे नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

117 दिवस आधी

14 जून 2018. पंतप्रधान नरेंद्र मोदी भिलाईत आले आणि आधुनिकीकरण झालेला कारखाना त्यांनी राष्ट्राला अर्पण केला. सभा जयंती स्टेडियमवर झाली. नवी भट्टी, नव्या मिल, नव्या कोक ओव्हन बॅटऱ्या, वर्षाला सत्तर लाख टनांची क्षमता. पंप हाउसच्या सहा मृत्यूंना चार वर्षं पूर्ण होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते.

यंत्रं नवी आली की मधला काळ सर्वांत नाजूक असतो, असं पोलादातली जुनी माणसं सांगतात. जुन्या वाहिन्या नव्यांना जोडायच्या, काही बंद करायच्या, काही पुन्हा उघडायच्या. आधुनिकीकरणाच्या जाहिरातीत भट्टी दिसते, हे जोडकाम दिसत नाही.

तीन दिवस आधी

6 ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं छत्तीसगढ विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि आचारसंहिता लागली. शहरात चर्चा तिकिटांची. 10 तारखेला घटस्थापना होती. दरवर्षी नवरात्रात डोंगरगढच्या बमलेश्वरीला पायी निघालेली माणसं जी. ई. रोडनं भिलाईतून जातात, त्यांच्यासाठी रस्त्याकडेला मांडव पडायचे हे दिवस.

सतरा-अठरा तास आधी

सोमवार, 8 ऑक्टोबरची संध्याकाळ. कोक ओव्हन ही अरुंद, उंच कोठड्यांची रांग असते. वरून कोळसा ओततात, दारं लावतात आणि हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापलेल्या भिंतींत तो भाजतात. एका कोठडीला साधारण सोळा ते वीस तास लागतात. म्हणजे या संध्याकाळी भरलेला कोळसा उद्या दुपारच्या आसपास लालभडक कोक होऊन बाहेर ढकलला जाणार. कोक ओव्हनला सुट्टी देता येत नाही. भिंती थंड पडल्या तर विटांना भेगा जातात आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून दुरुस्ती करायची ती बॅटरी चालू ठेवून, गॅसवाहिनीच्या एखाद्या तुकड्याचा शटडाउन घेऊन.

कोळसा भाजताना जो गॅस सुटतो त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन असतो, पावभर मिथेन, थोडा कार्बन मोनॉक्साइड. ब्लास्ट फर्नेसचा गॅस गुपचूप मारतो. कोक ओव्हनचा गॅस पेटतो. हवेत शेकडा पाच भागांच्या आसपास मिसळला की पुरे, मग एक ठिणगी लागते.

साडेबारा तास आधी

रात्रीचे दहा. कारखान्याच्या तीन पाळ्यांपैकी शेवटची सुरू झाली. खुर्सीपार गेटमधून काही आत गेले, काही बाहेर आले. दुसऱ्या दिवशीचं गॅसवाहिनीचं काम आधीच ठरलेलं होतं. ते एनर्जी मॅनेजमेंट विभागाचं काम, सोबतीला अग्निशमन दल. अडीअडचणीला घाईघाईनं काढलेलं काम ते नव्हतं. आधी आखलेलं, तारीख-वेळ दिलेलं काम होतं, आणि मला याच गोष्टीचा सर्वांत जास्त त्रास होतो.

साडेचार तास आधी

सकाळचे सहा. पहिली पाळी. खुर्सीपारच्या झोनांमधून सायकली आणि मोटरसायकली निघतात, हँडलला डबा, खिशात गेटपास. गेटवर पास बघितला जातो, हेल्मेट आणि बूट बघितले जातात. एवढ्या बाबतीत भिलाईची शिस्त चोख. बूट नसेल तर आत सोडत नाहीत. पण बुटांची शिस्त आणि गॅसची शिस्त या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गेटवरचा जवान डोळ्यांनी तपासू शकतो. दुसरी तपासायला मीटर लागतो, वेळ लागतो, आणि ‘थांबा’ म्हणणारा माणूस लागतो.

दीड तास आधी

नऊच्या सुमाराला अशा कामांची तयारी होते. काम होतं डी-ब्लँकिंगचं. गॅसवाहिनीचा एखादा भाग बंद ठेवायचा असेल तर दोन पाइप जिथे जोडलेले असतात त्या फ्लँजमध्ये पोलादाची आडवी प्लेट घालतात. तिला ब्लँक म्हणतात. झडप गळू शकते, प्लेट गळत नाही, म्हणून खरा बंदोबस्त प्लेटचाच. ती काढून वाहिनी पुन्हा चालू करायची म्हणजे डी-ब्लँकिंग. ऐकायला सोपं वाटतं : बोल्ट ढिले करा, फ्लँज फाकवा, प्लेट ओढून काढा, पुन्हा आवळा. पण फ्लँज फाकवल्यापासून आवळेपर्यंत पाइपाचं तोंड उघडं असतं आणि माणसं त्या तोंडाशीच असतात.

म्हणून अशा कामाचे नियम कडक. आधी गॅस अडवायचा आणि दाब उतरवायचा. आत वाफ किंवा नायट्रोजन सोडून उरलासुरला गॅस हाकलायचा. मीटर लावून मोजायचं. हातोडी लोखंडाची नको, पितळेची हवी, म्हणजे ठिणगी पडत नाही. आसपास वेल्डिंग, कटिंग, गरम काम बंद. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. अग्निशमनची गाडी पाणी भरून उभी. आणि परमिटवर सह्या : काम देणाऱ्याची, काम करणाऱ्याची, गॅस तपासणाऱ्याची.

परमिट हा कागद मोठा फसवा आहे. त्यावर सह्या झाल्या की काम सुरक्षित झालं असं सगळ्यांनाच वाटू लागतं. कागद नऊ वाजता खरा असेलही. दहा वाजता पाइपात काय आहे ते कागदाला माहीत नसतं.

शेवटचा तास

वाहिनीजवळ वीस-पंचवीस जण होते. एनर्जी मॅनेजमेंटची माणसं होती, अग्निशमन दलाचे जवान होते. हे आगीजवळ योगायोगानं सापडलेले वाटसरू नव्हते. गॅसवाहिन्या सांभाळणं हाच ज्यांचा पेशा आणि आग विझवणं हेच ज्यांचं काम, अशीच माणसं तिथे जमली होती. आग लागलीच तर विझवायला आलेले जवान आगीच्या इतक्या जवळ उभे होते, की विझवायची वेळ आली तेव्हा तेच पेटले होते. बंदोबस्ताची माणसं धोक्याच्या टप्प्यात उभी करायची आणि त्यालाच बंदोबस्त म्हणायचं, ही आखणीतलीच खोट.

साडेदहा ते अकरा

गॅसनं पेट घेतला. त्या जागी गॅस होता आणि त्याला ठिणगी मिळाली, या दोन्ही गोष्टी आगीनंच सिद्ध केल्या. उघड्या वाहिनीतून पेटता हायड्रोजन बाहेर येतो तेव्हा पळायला जे अंतर लागतं ते चढून जायच्या मचाणावर, पाइपांच्या दाटीत नसतंच.

नंतर

सेक्टर नऊचा रस्ता मोकळा करण्यात आला. त्या रुग्णालयाचा जळीत विभाग मध्य भारतात नावाजलेला. पोलादनगरीत असा विभाग नावारूपाला यावा हे चांगलंही आहे आणि वाईटही. काही मृतदेह ओळखू येत नव्हते, डीएनए चाचणी करावी लागली. खुर्सीपार आणि सेक्टरांतली माणसं गेटवर आणि रुग्णालयाच्या आवारात गोळा झाली. ज्याच्या घरी फोन लागत नव्हता तो गेटकडे धावत होता.

दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेच्या दिवशी, केंद्रीय पोलादमंत्री चौधरी बीरेंद्र सिंह आले. कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदावरून हटवण्यात आलं, दोन अधिकारी निलंबित झाले. एवढी तत्परता भारतात विरळा, हे मान्य करायला हवं. पण खुर्च्या बदलल्यानं फ्लँजपाशी काय बदललं, हा प्रश्न निलंबनाच्या आदेशात मावत नाही.

83 दिवसांनी, 31 डिसेंबर 2018 ला, पहाटे सहाच्या सुमाराला, मॅग्निटोगोर्स्कच्या कार्ल मार्क्स मार्गावर एका निवासी इमारतीचा भाग कोसळला. 39 माणसं गेली. कडाक्याच्या थंडीत ढिगाऱ्याखालून एक तान्हं मूल सुमारे 35 तासांनी जिवंत निघालं. तपास यंत्रणेनं घरगुती गॅसकडे बोट दाखवलं. दोन घटनांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, फक्त दोन्ही शहरं एकाच माणसाच्या, दिमशित्सच्या, हाताखालून गेलेली आणि दोन्हीकडे गॅस. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी ठळक आली. भिलाईची बातमी तोवर जुनी झाली होती.

आता कायद्याकडे. 2018 साली जो कारखाने अधिनियम लागू होता तो 1948 चा. त्याच्या कलम 37 मध्ये साध्या भाषेत सांगितलं होतं : स्फोटक किंवा ज्वालाग्राही वायू दाबाखाली असलेल्या पाइपाचा जोड ढिला करण्याआधी त्या भागात येणारा वायू झडपेनं किंवा अन्य उपायानं पुरता थांबवला पाहिजे, आणि आतला दाब बाहेरच्या हवेइतका उतरवायचे शक्य ते सगळे उपाय केले पाहिजेत. भिलाईचा करार व्हायच्या सहाहून अधिक वर्षं आधी हे लिहून ठेवलं गेलं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीत, त्यात 41-एच कलम आलं : जिवाला तातडीचा धोका आहे असं वाटलं तर तो लक्षात आणून द्यायचा हक्क कामगाराला होता, आणि धोका खरा आहे असं पटलं तर व्यवस्थापनाला त्यावर लगेच पाऊल उचलावं लागत होतं. यात नवीन शोध लावण्यासारखं काही नव्हतं. कायदा होता, तंत्र होतं, मीटर बाजारात मिळत होते, कारखाना सत्तर लाख टनांचा होता. माझ्या मते भिलाईत ज्ञानाची कमतरता कधीच नव्हती. चालू काम थांबवणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, एवढीच तिथली उणीव, आणि ती भिलाईपुरती नाही. चंद्रपूरपासून तळोज्यापर्यंत जिथे गॅसचे पाइप आहेत तिथे ती आहे.

तुमच्या घरचं कुणी अशा ठिकाणी कामाला जात असेल, कायम असो की ठेक्यावर, तर त्याला आज एवढंच विचारा : जोड उघडायच्या आधी गॅसचा आकडा कुणी मोजला, किती वाजता मोजला, आणि तो तुला दाखवला का? उत्तर ‘सही झालेली आहे’ असं आलं, तर त्याला सांगा की सहीचा कागद नको, मीटरचा आकडा माग, आणि तो दिसेपर्यंत बोल्टला पाना लावू नकोस.